टौटनचा वारा

टौटनच्या लढाईतला वारा टेबलावर कसा आणायचा, हा प्रश्न मला सगळा हिवाळा पुरला. टेकड्या, झाडं, ओढा, बर्फ हे सगळं घरी करता येतं. शिपाई आणि घोडेस्वार विकत मिळतात. वारा कुठं मिळत नाही, आणि टौटनमधून वारा काढला तर ती लढाई टौटनची राहतच नाही.

ज्यांनी मिनिएचर वॉरगेमिंग कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण 28 मिलिमीटर उंचीचे शिपाई असतात, प्लॅस्टिकचे किंवा धातूचे. ते आपण जोडायचे, रंगवायचे आणि छोट्या पट्ट्यांवर चिकटवायचे. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर रणभूमी उभी करायची. दोघांनी दोन बाजू घ्यायच्या आणि आळीपाळीनं आपापलं सैन्य हलवायचं. किती चालायचं ते मोजपट्टी सांगते, घाव बसला का ते फासे सांगतात. नियमांची पुस्तकं डझनावारी मिळतात. माझे नियम दोन पानी आहेत, घरीच लिहिलेले आणि दर खेळानंतर खोडलेले. नेपोलियन आणि दुसरं महायुद्ध खेळणारे लोक इथं पुष्कळ भेटतात, पण मी मध्ययुगातच रमते. सेनापती स्वतः चिलखत घालून रांगेत उभा असायचा आणि दोनशे पावलांपलीकडे काय चाललंय ते त्याला कळत नसायचं, तो काळ मला ओढून घेतो.

आता टौटन. 29 मार्च 1461, ईस्टरच्या आधीचा रविवार, ज्याला पाम संडे म्हणतात. यॉर्कशरमध्ये टौटन आणि सॅक्स्टन ह्या दोन खेड्यांमधल्या उघड्या माळावर इंग्लंडचे दोन राजे एकाच मुकुटासाठी भिडले. खरं तर एकच राजा मैदानात होता. चौथा एडवर्ड, यॉर्क घराण्याचा, एकोणीस वर्षंही पूर्ण न झालेला, सहा फुटांच्या वर उंच. त्याला राजा म्हणून घोषित करून महिनाही झाला नव्हता. दुसरा, लँकेस्टर घराण्याचा सहावा हेन्री, यॉर्क शहरात बसून बातमीची वाट पाहत होता. त्याच्या वतीनं फौज होती पंचवीस वर्षांच्या ड्यूक ऑफ सॉमरसेटच्या हाती. लढाईनंतरच्या पत्रांमध्ये मेलेल्यांचा आकडा 28,000 असा दिलाय. आजचे बरेचसे अभ्यासक तो फुगवलेला मानतात, पण इंग्लंडच्या भूमीवरची ही सर्वांत रक्तरंजित लढाई होती असं आजही म्हटलं जातं.

लीड्सहून गाडीनं गेलं तर अर्ध्या तासात त्या माळावर पोचता येतं. दोन खेड्यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक जुना दगडी क्रूस आहे, त्याला डेकर्स क्रॉस म्हणतात. तिथं उभं राहिलं की सगळी भानगड समजते. उत्तरेला एक उंचवटा, तिथं लँकेस्टरवाले. दक्षिणेला दुसरा उंचवटा, तिथं यॉर्कवाले. मध्ये उथळ दरी. आणि पश्चिमेला जमीन एकदम खाली कोसळते ती कॉक बेक नावाच्या ओढ्यापर्यंत. नकाशावर हा उतार दोन बोटांएवढा दिसतो. प्रत्यक्षात कडेला उभं राहून खाली पाहिलं की चिलखत घातलेल्या माणसानं ओल्या गवतावरून इथून पळायचं म्हणजे काय, ते पोटात जाणवतं. सॉमरसेटनं जागा उत्तम निवडली होती. उंचावर बसायचं, तिरंदाजी करायची आणि शत्रूला चढ चढून यायला लावायचं.

त्या दिवशी बर्फ पडत होतं आणि वारा दक्षिणेकडून होता, म्हणजे थेट सॉमरसेटच्या माणसांच्या तोंडावर. एडवर्ड हॉलच्या बखरीत पुढची हकिकत आहे. ही बखर 1548 साली छापली गेली, म्हणजे लढाईनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, तेव्हा ती थोडी राखूनच वाचायची. यॉर्ककडच्या आघाडीवर लॉर्ड फॉकनबर्ग होता, अनुभवी माणूस. त्यानं आपल्या तिरंदाजांना एकदाच बाण सोडायला लावले आणि तिथंच थांबवलं. वाऱ्यामुळं ते बाण लांब गेले आणि लँकेस्टरच्या रांगेत माणसं पडली. त्यांनी चवताळून उलट बाणांचा मारा सुरू केला, पण डोळ्यांत बर्फ जात असल्यामुळं आपले बाण कुठं पडतायत ते त्यांना दिसेना. ते पडत होते शत्रूच्या चाळीसेक यार्ड अलीकडे. भाते रिकामे होत आले तसे फॉकनबर्गचे लोक पुढं सरकले, जमिनीतले बाण उपटले आणि ज्यांचे होते त्यांनाच परत पाठवले. काही बाण त्यांनी मुद्दाम तसेच उभे ठेवले, म्हणजे धावत येणाऱ्यांच्या पायांत यावेत. शेवटी मार असह्य होऊन सॉमरसेटला आपली उंच जागा सोडून खाली उतरावं लागलं.

ह्या हकिकतीवर माझा जीव जडलाय तो त्यातल्या न दिसण्यामुळं. आणि टेबलावर सगळी गोची तिथंच होते. खेळणारा वरून बघत असतो. त्याला दोन्ही फौजा दिसतात, मोजपट्टी हातात असते, टौटन वाचलेलं असतं. लँकेस्टर घेणारा प्रत्येक खेळाडू बसल्या बसल्या म्हणतो, मी बाण सोडणारच नाही, पहिल्याच फेरीत हल्ला करतो. झालं! सॉमरसेट ज्या कोंडीत अडकला होता ती कोंडीच नाहीशी होते. बर्फातल्या झाडांची आणि अचूक रंगाच्या झेंड्यांची नुसती शोभा उरते. अशा सुंदर आणि पोकळ मांडण्या मी प्रदर्शनांतून खूप पाहिल्या आहेत.

झेंडे आणि अंगरखे मलाही प्रिय आहेत, तेव्हा आधी त्यांच्याबद्दल. माझे बहुतेक शिपाई पेरी मिनिएचर्सचे आहेत. नॉटिंगहॅमचे अॅलन आणि मायकल पेरी, जुळे भाऊ, दोघेही मूर्ती घडवणारे. तोफेच्या अपघातात मायकल पेरींचा उजवा हात गेला, जुन्या लढाया पोशाखासकट करून दाखवण्याच्या एका कार्यक्रमात. त्यानंतर ते डाव्या हातानं घडवायला शिकले, आणि त्या हाताची कामं पाहिली की मी पुन्हा ब्रश उचलते. वॉर्स ऑफ द रोझेसच्या, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टरच्या ह्याच यादवीतल्या पायदळाच्या त्यांच्या एका खोक्यात चाळीस शिपाई निघतात. डोकी, हात, धनुष्यं सगळं सुटं, त्यामुळं एकासारखा दुसरा करायची गरज पडत नाही. कुणी बाण ओढतोय, कुणी भात्याकडे हात नेतोय, कुणी नुसताच समोर बघतोय.

त्या काळी गणवेश नव्हता, सरदाराच्या रंगाचा अंगरखा असायचा आणि त्यावर त्याचं चिन्ह. यॉर्ककडच्या अर्ल ऑफ वॉरिकचे लोक लाल अंगरख्यात, त्यावर खुंट्या असलेली पांढरी काठी. यॉर्क घराण्याचा निळा आणि मरी, म्हणजे तांबूस जांभळा. नॉर्थंबरलंडच्या पर्सींची चंद्रकोर. सॉमरसेटची लोखंडी जाळीची वेस. फॉकनबर्गचा मासे पकडायचा गळ, जो तीन मिलिमीटरच्या छातीवर काढताना श्वास रोखावा लागतो. माझा एक आग्रह आहे: एका तुकडीचे सगळे अंगरखे एकाच बाटलीतल्या एकाच छटेनं रंगवू नयेत. झाडामुळांच्या रंगात बुडवलेलं, उन्हापावसात वर्षभर वापरलेलं कापड एकसारखं राहील कसं? मी लालच्या तीन छटा करून ठेवते आणि हाताला येईल ती वापरते. मग वरून तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग. तो शिवणींमध्ये उतरला की सपाट प्लॅस्टिकला एकदम कापडाचं अंग येतं.

साध्या तिरंदाजाच्या अंगात चिलखत नसायचं. तो जॅक घालायचा, म्हणजे लिननचे थरावर थर रचून घट्ट शिवलेला जाड डगला. त्याचे टाके मी सगळ्यात बारीक ब्रशनं एकेक ओढते. ह्या वर्षी बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आणि कुठलीही वस्तू चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांपाशी नेऊन बघायची त्यांची सवय आहे. त्यांनी एक तिरंदाज उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "ही तर गोधडीच घातलीय की ह्यानं." अगदी बरोबर. माझ्या आजीची गोधडी अशीच जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्यानं पक्के करून झालेली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात तिरंदाजांचं नाव गोधडीवाले.

बाकी सगळ्यांना बाबा चित्रं म्हणतात. दिवाळीत आमच्या अंगणात किल्ला व्हायचा तेव्हा कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या मावळ्यांनाही आम्ही चित्रंच म्हणायचो. हळीव पेरून हिरवळ करायचं काम भावाचं, आणि चित्रांच्या मिशा नि पागोटी पुन्हा रंगवायचं काम माझं होतं. इथल्या क्लबात लोक विचारतात की भारतातून आलेल्या बाईला हा नाद कुठून लागला, तेव्हा मी त्यांना फोनवर किल्ल्याचे फोटो दाखवते. सगळे एकदम गप्प होऊन बघत राहतात आणि मग बुरुज कशाचे केले ते विचारतात.

बर्फाबद्दल एकच सूचना: खाण्याचा सोडा वापरू नका. गोंदात कालवून लावला की पहिल्या दिवशी सुरेख दिसतो, पण काही काळानं पिवळा पडतो. मॉडेलच्या दुकानातला बर्फ घ्या आणि तो सगळीकडे सारखा पसरू नका. टौटनला वारा होता, म्हणून बर्फ झाडांच्या आणि बांधांच्या एकाच बाजूला साचलेला दाखवा.

तर वारा. मी शेवटी जे ठरवलं ते असं. खेळ तिघांचा. दोन सेनापती आणि एक पंच. पंच म्हणजे मी, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. डाव सुरू होण्याआधी मी पिशवीतून एक चिठ्ठी काढते आणि कुणाला दाखवत नाही. चिठ्ठ्यांवर निरनिराळे वारे आहेत: दक्षिणेचा जोराचा, दक्षिणेचा मंद, पडलेला वारा, आणि एकीवर चक्क उत्तरेचा. त्यामुळं टौटन पाठ असलं तरी उपयोग नाही. लँकेस्टरचा खेळाडू म्हणतो, चार तुकड्यांनी बाण सोडले. मी आडोशामागे फासे टाकते आणि फक्त "सोडले" एवढंच सांगते. समोरचे किती पडले ते त्याला कळत नाही. त्याचे स्वतःचे पडलेले मात्र लगेच उचलले जातात. प्रत्येक माऱ्याला एक काडी खर्ची पडते. त्या काळी तिरंदाजाला चोवीस बाणांची जुडी मिळायची, आणि सराईत माणूस मिनिटाला दहाएक बाण सोडू शकायचा. म्हणजे जोरात मारा केला तर एक जुडी चहा गाळेपर्यंत संपणार. माझ्या खेळात तुकडीला काड्या तीनच. चुकलेल्या काड्या मी दरीत जिथल्या तिथं ठेवते, फक्त बर्फाखाली, म्हणजे माझ्या वहीत. यॉर्क तिथवर पुढं आला तर त्या त्याच्या. नाही उचलल्या तर तिथून धावत येणाऱ्या लँकेस्टरच्या तुकडीची चाल दोन इंचांनी कमी.

बाबांना मी लँकेस्टर दिलं. टौटनबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. यॉर्ककडे माझा लेक, वय चौदा, आजोबांवर दया दाखवणाऱ्यांतला नाही. पहिल्याच फेरीत त्याच्या बाणांनी बाबांची दोन चित्रं पडली. बाबांनी उलट मारा केला. मी म्हटलं, "सोडले."

"मग? लागले का?"

"ते नाही सांगायचं, बाबा."

"का? मला डोळे नाहीत?"

"बर्फ पडतंय. तुम्हाला दिसत नाहीये."

त्यांनी दुसऱ्यांदा मारा केला नाही. हात मागं बांधून टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अगं, मग एक घोडेस्वार पाठव की पुढं. बघून येऊ दे." माझ्या नियमांत ही सोय नव्हती. मी तिथंच पेन उचललं आणि लिहिलं: सेनापतीला एक स्वार पुढं पाठवता येईल, जायला एक फेरी, यायला एक फेरी, परतल्यावर पंचानं खरं ते सांगावं. म्हणजे दोन फेऱ्या बाबांना उंचावर नुसतं उभं राहून मार खावा लागणार होता. त्यांनी तो खाल्ला. चार चित्रं आणखी गेली. लेक म्हणाला, "आजोबा, तुम्ही काहीतरी करा ना!" बाबांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही, त्यांचं लक्ष त्या एका घोड्यावर होतं.

स्वार परतला आणि मी सांगितलं, "आपले बाण तिथवर पोचत नाहीत. वारा समोरून आहे." चिठ्ठी दक्षिणेच्या जोराच्या वाऱ्याची निघाली होती. बाबा म्हणाले, "मग इथं थांबून काय राखायचंय? चला खाली." आणि सगळी रांग उतरवली.

टेबलाशी उभी राहून मी हे बघत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. सॉमरसेटनं उंच जागा सोडली हा त्याचा उतावळेपणा, असं मी क्लबात कितीदा ऐकलंय. त्यानं काय केलं हे माहीत नसलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला, घाई कधीच न करणारा माणूस अगदी त्याच निर्णयाला आला, कारण त्याच्या हातात तेवढीच माहिती होती.

पुढची झटापट झपाट्यानं सांगते. बाबांनी यॉर्कची रांग टेबलाच्या दक्षिण कडेपर्यंत रेटली. प्रत्यक्षातही यॉर्कवाले मागं हटले होते असं मानतात. मग लेकाचा फासा पडला आणि ड्यूक ऑफ नॉरफकची कुमक आग्नेय कोपऱ्यातून आली, जशी त्या दिवशी उशिरा आली होती. बाबांची डावी बाजू दुमडली, रांग फिरली आणि पाठ कॉक बेककडे झाली.

बहुतेक खेळ इथं संपतात. फौज मोडली, हात मिळवा, चित्रं खोक्यात. मला ते पटत नाही, कारण टौटनची खरी कत्तल पळताना झाली. ओढ्यात इतके लोक पडले की प्रेतांवरून बाकीचे पार गेले, अशी आख्यायिका आहे. 1996 साली टौटन हॉल नावाच्या वाड्यापाशी बांधकाम करताना सामूहिक दफनाचा खड्डा सापडला, त्यात चाळिसेक माणसांचे सांगाडे. जखमा मुख्यतः डोक्याला, काही कवट्यांवर घावावर घाव. म्हणजे बहुधा शिरस्त्राण गळून गेल्यावर किंवा काढून टाकल्यावर मारलेली माणसं. हे वाचल्यावर मोडलेली फौज नुसती उचलून खोक्यात टाकायला माझा हात धजत नाही. म्हणून माझा शेवटचा नियम: हरणाऱ्यानं खेळत राहायचं. ओढ्याला उतार, म्हणजे पार करता येईल अशी जागा, एकच; एका फेरीत एकच तुकडी पार होते. कुणाला आधी काढायचं ते त्यानं ठरवायचं. निम्म्याहून जास्त तुकड्या पार झाल्या तर निकाल बरोबरीचा.

बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि लढाईपेक्षा जास्त वेळ त्या ओढ्यावर घालवला. सॉमरसेटचे चिलखतवाले सरदार त्यांनी उताराच्या तोंडाशी आडवे उभे केले. "ह्यांच्या अंगात लोखंड आहे, हे थांबतील. गोधडीवाल्यांना आधी काढ." एकेक तुकडी पार होत होती आणि सरदारांची रांग विरळ होत होती. सॉमरसेटचं चित्र शेवटच्या फेरीत पडलं. प्रत्यक्षात सॉमरसेट टौटनहून निसटला होता आणि 1464 मध्ये हेक्सहॅमच्या लढाईनंतर त्याचा शिरच्छेद झाला. पर्सी घराण्याचा नॉर्थंबरलंड मात्र टौटनलाच गेला, आणि लँकेस्टरकडचाच लॉर्ड डेकरही. डेकरची कबर सॅक्स्टनच्या चर्चच्या आवारात आहे. नाव नसलेल्या तिरंदाजांना कुणी आधी ओढा पार करू दिल्याची नोंद कुठल्याही बखरीत मी वाचलेली नाही.

निम्म्याहून एक तुकडी जास्त पार झाली. बरोबरी. लेक भडकला. "आई, हे चूक आहे. मैदान माझ्याकडे आहे, त्यांचा सेनापती मेलाय, मग बरोबरी कशी?" बाबा म्हणाले, "तुझ्या मैदानावर कोण राहिलंय ते मोज." दोघांचा वाद रात्री जेवताना वरणभातापर्यंत चालू होता, आणि मी अजून निकाल दिलेला नाही. नियम मात्र बदलणार नाही. घोडेस्वाराचा नियम कायम झालाय, पण त्यात एक भर घालायचीय: बर्फ दाट असेल तर स्वारही चुकीची खबर आणू शकतो. त्यासाठी कोणता फासा ठेवायचा ते ठरवतेय.

पुढचा डाव नॉरफकचे घोडेस्वार रंगवून झाल्यावर. ह्या खेपेला त्यांच्या जागी मी पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले होते, आणि बाबांनी ते बरोबर हेरलं. "ज्यांनी मला हरवलं त्यांना निदान तोंडं तरी काढ," म्हणाले. प्रायमर मारून ठेवलाय.